सासूबाईंचं नुसतं सांगणं

चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन धाकटीच्या, आणि अर्धी घडी झाल्यावर धाकटी मध्येच थांबली. हे तिचं नेहमीचं. डोक्यात काही आलं की हात जागच्या जागी राहतात. मी आपली नामस्मरण करत उभी राहिले. चादर काही पळून जात नव्हती.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते, म्हणून घरात तिला मास्तरीण म्हणतात. बाहीला खडू असतोच. लग्न ठरताना तिने माझ्या दिरांना विचारलं होतं, "मीच का? कारणं सांगा." दीर अजून सांगतात, "मी दोन सांगितली, तिने दोन्ही खोडली आणि मग हो म्हणाली." भाजीवाला "ताजी आहे, घ्या" म्हणाला की ही विचारणार, "कशावरून?" आता तो हिला लांबून पाहिलं की आधी शेंग मोडून दाखवतो.

गेले काही दिवस घरात एकच विषय होता, सासूबाईंची खोली. तळमजल्यावरची ती मागची खोली ओलसर, भिंतीला पोपडे, आणि त्यांचा खोकला काही हटेना. डॉक्टरांनी बजावलं, थंडी पडायच्या आत उन्हाच्या खोलीत हलवा, नाहीतर छातीत भरेल. वरची खोली रिकामीच होती. पण विषय काढला की सासूबाई म्हणायच्या, "इथे पहाटे बेकरीतल्या पावाचा वास येतो." नाहीतर, "पलीकडे शेजारीण नळ सोडते, त्यावरून मला उजाडल्याचं कळतं."

मास्तरीण लगेच सरसावून बसे. "आई, वास वरही येतो. आणि उजाडलेलं तर वर डोळ्यांनीच दिसेल." सासूबाई तोंड फिरवत. दुसऱ्या दिवशी आणखी काही सांगत, ही तेही खोडून काढी. शेवटी त्या तिच्याशी बोलेनाशा झाल्या. मला म्हणाल्या, "तिच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही." इकडे मास्तरणीच्या घशाखाली घास उतरेना. पहिल्या नोकरीला निघाली तेव्हा तिचा डबा सासूबाईंनीच भरून दिला होता. जीव आहे तिचा त्यांच्यावर.

तर आज घड्या घालताना ती मुलांच्या पेपरांवरून कुरकुरत होती. "उतारे दिले होते ताई, युक्तिवाद कुठला ते ओळखा म्हणून. पोरांनी सरसकट सगळ्यांनाच युक्तिवाद ठरवलंय!"

"मग असतो कुठला?"

"समोरच्याला काही पटवायचं असतं तो. एक म्हणणं असतं आणि ते पटावं म्हणून दिलेले आधार असतात. पटवायचंच नसेल तर युक्तिवाद कसला? ते वर्णन असेल, आठवण असेल, नुसता खुलासा असेल. वायर जळली म्हणून पंखा बंद पडला, असं मी म्हटलं, तर पंखा बंद आहे हे तुम्हालाही दिसतंय. ते मी कुठे सिद्ध करतेय? आणि नुसतं वर्णन खोडायला जाणं म्हणजे..."

इथे ती थांबली होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आई एकदा तरी म्हणाल्यात का, की मी वर जाणार नाही?"

मी आठवून पाहिलं. वासाचं ऐकलं होतं, नळाचं ऐकलं होतं, खिडकीतल्या मांजराचंही ऐकलं होतं. "नाही गं बाई!"

"म्हणजे निष्कर्ष आपणच चिकटवला!" चादर माझ्या अंगावर टाकून ती मागच्या खोलीत गेली. मीही चादर कवटाळून तिच्या मागे.

ती सासूबाईंच्या खाटेशी जमिनीवरच बसली. "आई, त्या मांजराचं काय सांगत होतात?"

"कशाला? खोडायला?"

"ऐकायला."

सासूबाईंनी आधी संशयाने पाहिलं. मग मांजर निघालं, नळ निघाला, मामंजी खिडकीशी ज्या खुर्चीत बसून दाढी करत तिच्या पायांचे फरशीवरचे ओरखडे निघाले. मास्तरीण एकदाही "कशावरून" म्हणाली नाही. ओठ मात्र दोनदा हलले, ते मी पाहिलं.

"इतकी वर्षं काढली इथे," सासूबाई म्हणाल्या, "निघताना कुणाला तरी सांगून निघावं ना माणसानं."

"म्हणजे तुम्ही वर जाणारच होतात?"

"मग? खोकतेय मी, का तू? जाणारच होते. बोलू तर द्याल!"

"अहो, मग तसं सांगायचं ना!" मला राहवलं नाही.

"विचारलं कुणी? जो तो पटवायलाच बसलेला." मग त्या ताठ बसल्या. "पण एक ऐका. गुडघे माझे धड नाहीत आणि जिन्याला धरायला काही नाही. पडले तर हाड मोडेल. तेव्हा आधी कठडा, मग मी."

मास्तरीण टुणकन उठली. "आई, हा युक्तिवाद! बिनतोड!"

"झाले एकदाची पास," सासूबाई म्हणाल्या आणि हसता हसता खोकल्या.

मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. चादरीची दुसरी टोकं सासूबाईंनी धरली आणि बसल्या बसल्या घडी पुरी केली. मास्तरीण आता सुताराकडे गेली आहे, जिन्याला कठडा बसवायला सांगायला.