तिसरी रिकामी जागा

लग्नघरात पाऊल टाकलं की सुमतीकाकूंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "या लग्नाला कोण नाहीये?" पाणी, चहा सगळं नंतर. ज्यांना सवय नसे ती मंडळी न येणाऱ्या पाहुण्यांची यादी सांगू लागत. कुणाला रजा मिळाली नव्हती, कुणाचं आहेरावरून बिनसलं होतं. काकू शेवटपर्यंत ऐकून घेत आणि म्हणत, "हे झाले रुसलेले. मी गेलेल्यांचं विचारतेय."

देवासला त्या आमच्या समोरच्या घरात राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. पण देवास, धार, सोनकच्छ इथल्या मराठी घरांत त्यांची ओळख होती ती मंगलाष्टकांमुळे. दर लग्नासाठी त्या नवी कडवी रचत. एका कडव्यात मुलीकडची नावं, एकात मुलाकडची, आणि तिसऱ्यात अशा माणसांची, जी हे लग्न बघायला असायला हवी होती आणि आता नाहीत. अंतरपाटाच्या कडेला, माइकपासून हातभर लांब उभं राहून त्या म्हणत. आवाज जाडसर, सरळ. तान नाही, हरकत नाही. कुणी गाण्याची स्तुती केली की म्हणायच्या, "मी गात नाही रे, हाका मारते."

धारच्या एका लग्नात मुलाच्या काकांनी त्यांना अडवलं होतं. शुभकार्यात मेलेल्यांची नावं कशाला, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी आवाज चढवला नाही. "सकाळी नांदीश्राद्ध केलंत ना? तेव्हा पितरांना आवतण दिलंत. मग बोलावलेल्या माणसांना मांडवात ओळखही द्यायची नाही?" मुहूर्ताच्या थोडं आधी तेच गृहस्थ हळूच काकूंजवळ आले आणि आपल्या आईचं नाव सांगून गेले. हा प्रसंग मला माझ्या पत्नीने, माधवीने सांगितला. काकूंच्या मागे उभं राहून शेवटची ओळ उचलून धरायला ती प्रत्येक लग्नाला जायची. तिचं शिक्षण सगळं हिंदीत. मराठी वाचताना ती अडखळायची, पण काकू नवी कडवी आधी तिला म्हणून दाखवत, त्यामुळे ती तिला पाठ असत.

मोबाइलवर गाणी विकत घेऊन उतरवायचे दिवस आले, तेव्हा इंदूरच्या एका कंपनीने काकूंची अष्टकं ध्वनिमुद्रित करून विकायचं ठरवलं. काकूंची अट एकच. तिन्ही नावांच्या जागी त्या गाणार नाहीत. तिथे नुसता तानपुरा वाजेल आणि मांडवातलं कुणीतरी नावं घेईल. तिथला माणूस हसला. ही रिकामी जागा कोण विकत घेणार, असं तो म्हणाला. काकू म्हणाल्या, "ती जागा माझी नाहीये. ज्यांचं लग्न आहे त्यांची आहे." शेवटी तसंच झालं. माधवीने ते अष्टक पहिल्याच आठवड्यात आपल्या फोनवर विकत घेतलं. मी आकड्यांत रमणारा माणूस. घड्याळ लावून पाहिलं, तर तिन्ही जागा नेमक्या सात-सात सेकंदांच्या होत्या.

पुढे माधवी आजारी पडली. आमच्या मुक्ताचं लग्न तेव्हा ठरलेलंही नव्हतं. दवाखान्यातून घरी आणल्यावर एका दुपारी काकू तिच्या उशाशी बसल्या होत्या. मी औषधाच्या वेळा पाहत होतो. माधवी त्यांना म्हणाली, "काकू, मुक्ताच्या लग्नात मी तिसऱ्या कडव्यात असेन. नाव नीट घ्या माझं." काहीतरीच काय बोलतेस, असं दुसरं कुणीही म्हणालं असतं. काकू म्हणाल्या, "घेईन." इतकंच. त्यानंतर माधवी फार दिवस राहिली नाही.

दीड वर्षाने काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण आवाजही गेला. उरली फक्त फुसफूस. गळ्यावरचा व्रण झाकायला त्या बाघ गावच्या ठसेछपाईची लाल सुती ओढणी गुंडाळू लागल्या. भाजीवालीशीही खुणेने बोलायच्या. मुक्ताचं लग्न ठरलं तेव्हा मी पेढे घेऊन गेलो, तर त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला. मग कुजबुजल्या, "मी माधवीला कबूल केलंय रे, अविनाश." मी म्हटलं, तुमचा आवाज माधवीच्या फोनमध्ये आहे, तो लावू आणि रिकाम्या जागी नावं मी घेईन. त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची होती की नाही, ते मला कळलं नाही.

लग्न धारला होतं, मुलाकडे. माधवीचा फोन जुना झाला होता, पडदा अंधूक झालेला. गाणं तर मेमरी कार्डात आहे, मग फोन कशाला न्यायचा, असा मी हिशेब केला. नखाएवढं ते कार्ड कुंकवाच्या करंड्यात घालून नेलं. निघण्यापूर्वी दुसऱ्या फोनमध्ये घालून फाइलचं नाव दिसतंय ना, आकार बरोबर आहे ना, तेही पाहिलं. वाजवून मात्र पाहिलं नाही.

मांडवात अंतरपाट धरला गेला. सगळ्यांच्या हातात अक्षता. साउंडवाल्या पोराने कार्ड आपल्या फोनमध्ये घातलं, दोनदा बटण दाबलं आणि माझ्याकडे वाकून म्हणाला, "भिया, ये इसमें नी बजेगा. लॉक है. जिस फोन में लिया था, वोई लाओ." तो फोन शंभरेक किलोमीटरवर, देवासच्या कपाटात होता. गुरुजी माझ्याकडे पाहत होते. अंतरपाटाआड मुक्ताने मान खाली घातली होती. तिला वाटलं असावं, आईसाठी जेवढं ठरवलं होतं तेवढंही आता होणार नाही.

काकू पहिल्या रांगेतून उठल्या. त्यांनी ओढणी सैल केली आणि माइकसाठी हात पुढे केला. आयुष्यभर माइकपासून हातभर लांब राहिलेल्या त्या बाईंनी माइक ओठांना टेकवला. गाणं शक्यच नव्हतं. त्या एकेक ओळ श्वासावर म्हणू लागल्या. पहिलं कडवं बऱ्याच जणांना ऐकूच आलं नाही. मग मागचे लोक खुर्च्या सोडून पुढे आले, बँडवाल्यांनी आपसातलं बोलणं थांबवलं, वाढप्यांनी भांडी खाली ठेवली. मध्येच त्यांना ठसका लागला. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी हातानेच बाजूला सारलं. तिसऱ्या कडव्यात त्या थांबल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "माधवी." अगदी स्वच्छ. माझ्या मुठीतल्या अक्षता तशाच राहिल्या. टाकायच्या राहूनच गेल्या.

देवासला परतल्यावर मी ते कार्ड माधवीच्या फोनमध्ये घातलं. अष्टक लगेच वाजलं. विकत घेतलेलं गाणं ज्या फोनवर उतरवलं त्याच फोनवर वाजेल, दुसऱ्यावर नाही, असं कंपनीनेच कुलूप घातलेलं होतं. फोन घेऊन मी समोर गेलो आणि काकूंना सगळं समजावून सांगितलं. त्या आवाजाविना हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग कुजबुजल्या, "बरंय की. मी तरी बोलावल्याशिवाय कुठे जात होते?" दुसऱ्या फोनसमोर वाजवून उतरवून घेऊ, असं मुक्ताने सुचवलं होतं. तेही त्यांना विचारलं. नको म्हणाल्या. "ज्यांना हवंय ते बोलावतील. तू फोन घेऊन जा."

आणि लोक बोलवू लागले. पत्रिकेबरोबर निरोप असे, फोन आणायला विसरू नका. गाण्याचा गंधही नसलेला मी, माधवीचा फोन खिशात घालून टोंकखुर्दपर्यंत लग्नांना गेलो. लग्नघरी गेल्यावर विचारायचो, या लग्नाला कोण नाहीये. सुरुवातीला जीभ अडायची. परतल्यावर काकू खुणेनेच विचारत, नावं सगळी घेतलीस ना?

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या. गाठ परत आली होती. शेवटी ती फुसफूसही उरली नव्हती. मी रोज संध्याकाळी समोर जाऊन बसायचो. त्या माझा हात धरून ठेवायच्या.

या माघात त्यांच्या भाचीच्या मुलीचं लग्न सोनकच्छला झालं. माधवीच्या फोनची बॅटरी आता फुगली आहे, तो चार्जरला लावूनच चालतो. दुरुस्तीवाल्याने सांगितलंय, आता जितके दिवस चालेल तितके दिवस. मांडवात वायर ओढून आणली, फोन माइकजवळ ठेवला आणि मी शेजारी उभा राहिलो. काकूंचा जुना आवाज भरून आला, जाडसर, सरळ. पहिल्या जागी मी मुलीकडची नावं घेतली, दुसऱ्या जागी मुलाकडची. तिसरी जागा आली, नुसता तानपुरा.

मी म्हटलं, "सुमती."

नावाला एक सेकंद लागला. उरलेले सहा सेकंद तानपुरा वाजत राहिला, आणि मग काकू पुढचं कडवं म्हणू लागल्या.