विहिरीवर माझे भालेकरी

माणसांची फौज कुणालाच नको होती, म्हणून ती मला मिळाली.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होतो. रविवारी दुपारी आम्ही तिघं चांगले घोडे झालेले बाप्ये एका दालमिलच्या ऑफिसात टेबलावर युद्ध खेळायचो. तिघं म्हणजे मिलमालक, उदगीरचा एक औषधदुकानदार आणि मी. युद्ध म्हणजे बोटभर उंचीचे पुतळे, पट्टीनं मोजून केलेल्या चाली आणि फासे. खेळ परदेशी, नियमांचं पुस्तक झेरॉक्स. मालकाकडे मेलेल्यांची फौज होती, नुसते हाडांचे सापळे, वर एक उडता सर्प. उदगीरकराकडे राक्षस. ते मांडता मांडता 'आमचा जिल्हा येगळा झाला की बघा' हे त्याचं पालुपद चालू असायचं. "सर, तुम्हाला माणसंच बरी," मालक पहिल्याच दिवशी म्हणाला होता.

माणसांना त्या खेळात जादू येत नाही. पंख नाहीत, शाप देता येत नाही, एका फाशात मरतात. पण ती रांग धरून उभी राहतात, आणि मला ते आवडायला लागलं. राजा, घोडेस्वार आणि तिरंदाज मालकानंच पुण्याहून मागवून दिले. सगळ्यांत खालचे, गावोगावहून भरती केलेले भालेकरी मात्र मी स्वतः केले. नळाची गळती बुजवायचा मसाला मिळतो ना, तो मळून, सुईनं कोरून, चाळीस. नळाला पाणी नव्हतं, पण मसाला दुकानात भरपूर होता. दिवाळीपासून चार महिने लागले. माझे वडील एसटीतून निवृत्त झालेले. ते चष्मा चढवून एकेक पुतळा बघायचे. "ह्यांच्या पायात काही न्हाई का?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी चाळीस जणांना चपला केल्या.

एप्रिलमध्ये मालकानं नवा नियम आणला. शहरात टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती, त्यावरूनच सुचला असणार. टेबलाच्या मधोमध एक विहीर ठेवायची, आणि दर तिसऱ्या डावाला, म्हणजे तिसऱ्या पाळीला, प्रत्येक तुकडीनं तिथं पाणी प्यायचं. जी पिणार नाही ती पळून जाणार. सापळ्यांना तहान नसते, त्यामुळे त्याला स्वतःला काहीच करायचं नव्हतं. मी तरी खूश झालो. माझे भालेकरी पुढेच असायचे, ते आधी विहिरीला लागले.

"थांबा सर," मालक म्हणाला. "आधी घोडेस्वार, मग तिरंदाज. ही भरतीची माणसं शेवटी."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात कशाला पाहिजे? रीत हाय."

मी उदगीरकराकडे पाहिलं. तो फासे हातात खुळखुळवत म्हणाला, "जाऊ द्या ना सर. खेळच हाय. कशाला चिडायलात?"

चिडू नको तर काय करू? माझे आजोबा मुरुडजवळच्या आमच्या गावात विहिरीपाशी ओंजळ धरून उभे राहायचे, वरून कुणी ओतेपर्यंत. वडिलांनी लहानपणी ते शेजारी उभं राहून पाहिलेलं. पुढे आम्ही बौद्ध झालो, गाव सोडलं, नोकऱ्या केल्या. हे सगळं मालकाला ठाऊक होतं. पण त्यानं मुद्दाम केलं नव्हतं, आणि माझा खरा संताप त्याचाच होता. मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं. आकाशात उडणारा सर्प त्याला खपत होता, मेलेली माणसं उठून लढलेली खपत होती. भालेकऱ्यानं आधी पाणी प्यावं एवढी एकच गोष्ट त्याच्या कल्पनेत बसत नव्हती. अजूनही त्याचं नाव निघालं की माझं तोंड कडू होतं.

खेळ सोडावा असं मनात आलं. पण पुढच्या महिन्यात नांदेडहून दोघं खेळायला यायचे होते, आणि इतकं मोठं टेबल दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मी घरी वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जा तू. पण तुझ्या माणसांला आधी पाज."

नांदेडच्या एकाकडेही माणसांचीच फौज होती. रीत ऐकून तो हसला. "आमची माणसं पोचतील तशी पितील," म्हणाला. मालकानं लगेच मान डोलावली. पाहुण्यांचं वेगळं. त्या दिवशी मालक आणि मी एका बाजूला होतो, त्याचे मेलेले आणि माझे जिवंत. सहाव्या डावाला माझे भालेकरी विहिरीला टेकले. मी पट्टी खाली ठेवतो न ठेवतो, तोच मालकानं दोन बोटांनी एकेकाला उचललं आणि मागं नेऊन ठेवलं. घोडेस्वार पुढे सरकवले. "आता जिंकतोय आपण, सर," असं हळूच म्हणाला.

नांदेडचा माणूस माझ्याकडे बघत होता. मी बोललो असतो तर तो माझ्या बाजूनं उभा राहिला असता. मी बोललो नाही. मला जिंकायचं होतं, आणि पुढच्या रविवारीही खेळायचं होतं. घोडे पाणी प्यायले. भालेकऱ्यांची वेळ येईतो तो सहावा डाव संपला, आणि नियमाप्रमाणे ते पळाले. चाळीसच्या चाळीस मी माझ्याच हातानं टेबलावरून काढले. आम्ही जिंकलो. मालकानं सगळ्यांसमोर मला मिठी मारली.

घरी वडील दारातच बसले होते.

"काय झालं?"

"जिंकलो."

"आन् पाणी?"

"आधी भालेकरीच प्यायले," मी म्हणालो. "मालक बघत राहिला."

वडिलांनी मांडीवर थाप मारली. इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आईला आतून हाक मारली, ती पदराला हात पुसत आली, तिला शेजारी बसवलं आणि मला म्हणाले, "हां, आता सांग. पह्यल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं.