छाती साफ आहे

इस्त्रीवालीची खोली अर्धी जमिनीत होती. खिडकी होती, नाही असं नाही. पण तिच्यातून आभाळ दिसायचं नाही, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. तिची सहा वर्षांची मुलगी तासन्‌तास त्या खिडकीशी बसायची. बसवाल तिथे बाहुलीसारखी बसून राहते म्हणून सगळे तिला ठकी म्हणत. ही ठकी पायांवरून माणसं ओळखायची. "आई, किल्लीवाले काका आले. चपलेचा अंगठा तुटलाय, आज चिडलेले असणार." आणि खरोखर स्वारी चिडलेली असायची. किल्लीवाले काका म्हणजे इमारतीच्या मालकाचा माणूस. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला.

लोकांचे कपडे धुऊन, वाळवून, इस्त्री करून घरपोच द्यायचे, हा तिचा धंदा. नवरा लांबच्या गोदामात हमाल. आठवड्याने घरी यायचा आणि आला की झोपून जायचा. कपडे वाळवायला जागा कुठली? खोलीतच आडव्या-उभ्या दोऱ्या. खिडकी उघडली की रस्त्याची काजळी पांढऱ्या शर्टांवर बसायची, आणि बंद ठेवली की सगळी ओल भिंतीत मुरायची. मागची भिंत तर बारा महिने ओलीच. तिच्यावरचे काळे-हिरवे डाग ती घासून काढायची, आणि ते न बोलावलेल्या पाहुण्यासारखे पुन्हा हजर. ठकीला घेऊन झोपायची ती भिंतीपासून लांब, दाराशी. तरी पोरीच्या छातीत शिट्टी वाजायची ती वाजायचीच.

"औषध देते," सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "पण त्या ओलीत राहिली तर औषध तरी काय करणार? खोली बदला."

खोली बदला! जसं काही साडीच बदलायची होती.

पण नशीब कधी चुकून आपलंही दार वाजवतं. वरच्या मजल्यावरची, दोन खिडक्यांची, उन्हाची खोली रिकामी झाली, आणि किल्लीवाले काका स्वतः सांगायला आले. "भाडं तेवढंच. आजारी मूल असेल त्याला आधी द्यायची, असं मालक म्हणतात. फक्त डॉक्टरांचं पत्र आण. शनिवारपर्यंत थोपवून धरतो, पुढे माझं कोणी ऐकणार नाही."

इस्त्रीवालीचे पाय जमिनीवर ठरेनात. वरच्या खोलीत दोऱ्या कुठे बांधायच्या, ठकीला कुठल्या खिडकीशी बसवायचं, सगळं मनात मांडून झालं. "तिथून पाय नाही दिसणार गं," ती म्हणाली. "मग डोकी बघेन," ठकी म्हणाली.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचा वेडेपणा कळायचा नाही. मागच्या खेपेला ठकीचं नाव पुकारलं, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला फ्रॉकला धरून पुढे घेताना नाक मुरडलं होतं. "पोरीचे कपडे जरा धुत जा हो. कुबट वास येतोय." सगळ्या रांगेदेखत. जिच्या घडीत खोट काढायला भल्याभल्या गिऱ्हाइकांना जागा सापडत नसे, तिला! तो फ्रॉक धुतलेला होता, इस्त्रीचा होता. वास खोलीचा होता. पण हे कोणाला सांगणार? ती मान खाली घालून उभी राहिली आणि घरी येऊन बादलीवर वाकून रडली.

म्हणून या खेपेला तिने कानाला खडा लावला. दवाखान्याच्या आधी ठकीला उचलून थोरल्या बहिणीकडे नेऊन ठेवलं. बहिणीचं घर वरच्या मजल्यावर, वाऱ्याचं. माणसं मात्र दाटीवाटीने भरलेली, त्यात सासू तिखट. "ताई, दोनच दिवस ठेव. हिचे कपडेही तुझ्या गच्चीवर वाळव. वास राहायला नको बघ."

"दोन दिवस ठीक आहे बाई," ताई दबक्या आवाजात म्हणाली, "पुढे आमच्या घरात महाभारत होईल."

बुधवारी ठकी दवाखान्यात कशी गेली म्हणता! दोन वेण्या, कडक फ्रॉक, उन्हाचा वास. नर्सबाईंनी गालाला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी पुढून ऐकलं, पाठीवरून ऐकलं आणि हसल्या.

"अहो, छाती साफ आहे! छान काळजी घेतलीत."

इस्त्रीवालीचा चेहरा असा फुलला की विचारू नका. आजवर त्या दवाखान्यात तिला कोणी शाबास म्हटलं नव्हतं. आणि मग तिला पत्र आठवलं.

"बाई, मला खोलीसाठी पत्र हवं होतं. ही आजारी असते म्हणून."

"पण आज मी काय लिहू? छाती तर साफ आहे."

"ती घरी नव्हती हो! बहिणीकडे होती. म्हणून बरी आहे."

डॉक्टरीणबाईंनी कानातली नळी काढून टेबलावर ठेवली. त्यांना पटलं होतं, ते दिसत होतं. पण पटणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. "ऐकीव गोष्टीवर पत्र दिलं म्हणून मागे मला वरून बोलणी बसलीत. त्या दिवशी मला कानाने ऐकू येतं तेच लिहिता येतं, मागचं चालत नाही. शुक्रवारी मी आहे. तोवर शिट्टी सुरू झाली तर घेऊन या, उभ्या उभ्या पत्र देते."

म्हणजे पोर बरी राहिली तर खोली नाही, आणि खोली नाही तर पोर बरी राहणार नाही. नियम करणाऱ्यांना झोप कशी लागते कोण जाणे. ठकी स्टुलावर पाय हलवत सगळं ऐकत होती.

वाटेत इस्त्रीवालीने स्वतःला काय काय बोलून घेतलं. चारचौघींसारखी कुबट फ्रॉकात, खोकत आणली असती तर आज पत्र हातात असतं. नाक वर ठेवायला गेली आणि पोरीच्या श्वासावर आलं. ताईकडे पुन्हा ठेवायची सोय नव्हती. असती तरी आता ठेवून उपयोग काय होता?

घरी आल्यावर तिने रोजच्यासारखी दाराशी चटई अंथरली. एक विचार डोक्यात आला होता, त्याची तिला इतकी लाज वाटली की तिने चटई आणखी थोडी दाराकडे ओढली. "पड जरा. कपडे देऊन आलेच," म्हणाली आणि गठ्ठा घेऊन बाहेर पडली.

परत आली तेव्हा दाराशी चटई नव्हती.

ओल्या चादरींच्या मागे, त्या काळ्या-हिरव्या भिंतीला अगदी चिकटून ती अंथरली होती. ठकी कुशीवर निजली होती, तोंड भिंतीकडे, नाक पोपड्यांना टेकलेलं. जोरजोरात श्वास ओढत होती.

"ठके! हे काय गं?"

"शुक्रवारपर्यंत वाजायला हवी ना," ठकी म्हणाली. "मग डॉक्टरीणबाईंना ऐकू येईल."

इस्त्रीवाली झपकन खाली बसली. चटई ओढायला तिने दोन्ही हातांनी कड धरली. वरच्या मजल्यावर कोणीतरी ती रिकामी खोली झाडत होतं. ती कड धरून ऐकत राहिली.

मग तिने चटई सोडली, ठकीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि उठून राहिलेले ओले कपडे दोरीवर घालू लागली.