फुकट राबणारे काका

मुरबाडकडच्या आमच्या गावात भाताची लावणी आजही सावडीनं होते. तुम्ही माझ्या चिखलात एक दिवस वाकायचं, मी तुमच्या. पैशाचं नाव कोणी काढत नाही. पण कोणाचा दिवस कोणाकडे राहिलाय, हे सगळ्यांना पाठ. फेडला नाही, तर पुढल्या लावणीला आपल्या बांधावर कुत्रंही फिरकत नाही.

गेल्या वर्षी टेकडीपलीकडच्या पाड्यावरचे काका न बोलावता आले. वडील होते तेव्हापासून ते आमच्या सावडीतले. या खेपेला मात्र लावणी संपेपर्यंत राबले. आमी कधी येऊ, असं आईनं विचारलं, तर रोपांची मूठ सोडवत म्हणाले, "ऱ्हाऊ दे वैनी. तुमी नका येऊ."

माझं डोकंच फिरलं. फुकट राबणारा माणूस मला पटतच नाही. आमच्या रस्त्याकडेच्या तुकड्यावर दलाल टपलेले. त्यातल्याच कोणीतरी काकांना आईकडे पेरलंय, अशी माझी खात्री झाली. ते चहा पिताना काय बोलतात, हे मी कान देऊन ऐकायचो. आईची धास्ती वेगळी. "उद्या चारचौघांत बोलंल, हिनं माझे दिवस खाल्ले. मंग कोण येल रे आपल्याकडं?"

शेवटी भाकऱ्या बांधून आम्ही मायलेक न बोलावताच त्यांच्या शेतावर गेलो. तिथं तारेचं कुंपण होतं. खाचरं बुजवून आंब्याची कलमं लावलेली, आणि फाटकावरचा राखणदार आम्हालाच विचारत होता, कोण पाहिजे?

काका घराच्या ओट्यावर बसले होते. आईकडे न बघताच म्हणाले, "पोरांनी इकली. सांगायची लाज वाटली, वैनी. हाताला चैन नाय, म्हनून आलो तुमच्याकडं."

मला स्वतःचाच राग आला. आईनं भाकऱ्यांचं गाठोडं त्यांच्याजवळ ओट्यावर ठेवलं.

यंदा तिनं पहिला निरोप त्यांनाच धाडला. ते आले तेव्हा वरच्या खाचराचा कोपरा तिनं मोकळा ठेवला होता. "हा तुमचा," ती म्हणाली. "भातबी तुमचंच. आज आमी तुमच्याकडं आलोय, तुमी बांधावर बसा." आणि पदर खोचून ती वाकली.

काका बसले नाहीत. बराच वेळ तिच्या पाठीकडे बघत राहिले. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "वैनीला काय पायजे रे माझ्याकडनं?"