कोरीट ते कंपाला: जागा न लागणारा प्रवासी

नंदुरबारला मी निघाले होते ती मामाकडे, चार दिवस हुरडा खायला. रजेचा अर्ज टेबलावर ठेवला तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "नंदुरबार? मग कोरीट तिथून किती लांब?" आणि माझ्या सुट्टीत ऑफिस घुसलं.

ही गोष्ट साठीच्या दशकाच्या सुरुवातीची. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. मी तेवीस वर्षांची, मुंबईत फोर्टमधल्या एका विमान तिकिटांच्या एजन्सीत आरक्षण खात्यात कामाला. तिकिटं आम्ही हातानं लिहायचो, दाबून, म्हणजे कार्बनखालच्या पानांवर अक्षरं नीट उठायची.

आज तुम्ही मोबाइलवर तिकीट काढता तेव्हा भाड्याशेजारी एखादं इंग्रजी अक्षर दिसतं आणि बहुतेक जण ते न वाचताच पुढे जातात. वाचत जा. खुर्ची तीच असते, पण तिकीट बदलता येईल का, रद्द केलं तर काय हाती लागेल, हे ते अक्षर सांगतं. आमच्या वेळी मुख्य अक्षरं दोनच: एफ म्हणजे फर्स्ट, वाय म्हणजे इकॉनॉमी. पुढच्या चौकटीत जागेची स्थिती. 'आरक्यू' म्हणजे जागा मागितली आहे, उत्तर यायचंय. 'ओके' म्हणजे पक्की. जागा आहे की नाही हे बघायला आमच्याकडे भिंतीवर मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक विमानापुढे एक रंगीत चकती: हिरवी असेल तर विका, पिवळी असेल तर आधी टेलेक्सनं विचारा, लाल असेल तर हात जोडा.

आफ्रिकेत, युगांडातल्या कंपालात कापसाची सरकी काढणाऱ्या जिनमध्ये नोकरी करणाऱ्या छगन पाटील नावाच्या माणसानं तिकडेच पैसे भरून बायकोचं आणि लहान मुलाचं तिकीट आमच्याकडून द्यायला कळवलं होतं. बायको रेवा, मुक्काम कोरीट. जागा ओके झाली होती. पण दोघांच्या देवीच्या लशीच्या पुस्तकांचे नंबर गुरुवार संध्याकाळपर्यंत आले नाहीत, तर ती जागा सुटणार होती आणि मागे चार नावं रांगेत उभी होती. कोरीटला दोन पत्रं गेली, उत्तर नाही. मुलाला तर लसही टोचलेली नसावी, असा साहेबांचा अंदाज. "तू बाईमाणूस आहेस, घरात शिरून विचारशील," असं म्हणून त्यांनी दोन्ही तिकिटं माझ्या हातात दिली.

सुरतेला गाडी बदलली. तापीकाठची ती पॅसेंजर आजही त्याच मार्गानं जाते, आणि कुणी जाणार असाल तर दिवसाच्या गाडीनंच जा. व्यारा मागे पडलं की सागाचं रान डब्याच्या खिडकीशी येतं. नवापूरला चहा मिळतो, बोली निम्मी गुजराती होते आणि पुढे तीच बोली हळूहळू अहिराणीकडे वळते. नंदुरबार यायच्या आधी नाकाला कळतं. गावाबाहेर वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी, मैलभर लाल जमीन, आणि त्यात तोंडाला फडकी बांधलेली माणसं वाकून काम करताना. इतकी माणसं आणि बोलण्याचा आवाज नाही. बोलायला तोंड उघडलं की ठसका लागतो. स्टेशनवर मामा आला होता. मामीनं कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. त्या भरितासाठी मी आजही एवढा प्रवास करीन.

बुधवारी सकाळी मामानं दमणी ठरवून दिली. ही हलकी बैलगाडी, दीड रुपयात जाऊन येऊन. आता कोरीटला रिक्षा जाते. गाडीवान बोलका होता. कापूस, केळी, कुणाच्या विहिरीला किती पाणी, सगळं सांगत होता.

"कोनाकडे जाई ऱ्हायनी ताई?"

"गोविंद पाटलांकडे. त्यांची सून आणि नातू विमानानं जाणार आहेत ना, त्यांचं तिकीट घेऊन आलेय."

"नातू बी?"

"हो. दोघांचं आहे."

त्यानंतर तो एक अक्षर बोलला नाही. बैलांनाही हाकारलं नाही. गावाच्या तोंडाशी निंबाखाली गाडी उभी केली, एका गल्लीकडे बोट दाखवलं. "मी आठेच थांबस," म्हणजे इथेच थांबतो, एवढंच म्हणाला.

गल्लीत दुपारचं ऊन होतं. एका दारात धान्य पाखडणाऱ्या बाईला मी घर विचारलं. तिनं सूप थांबवलं, माझ्या हातातला कागदांचा लिफाफा बघितला आणि मान वळवून समोरचं दार दाखवलं. मी पुढे गेले तरी मागे सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला नाही.

घर चांगलं खातंपितं होतं. सारवलेला ओटा, आत पितळी भांडी मांडलेली. उंबऱ्याशी एक म्हातारी बसली होती, रेवाची सासू, जमनाबाई. तिच्या हातात एक दोरी होती. दोरी आतल्या अंधाऱ्या खोलीत गेली होती आणि तिकडे झोळीची कडी करकरण्याचा आवाज येत होता. बोलता बोलता ती दोरी ओढत होती.

"ये वं माय, बस. हळू बोल. पोऱ्या झोपेल शे."

मी आपोआप आवाज खाली केला.

मागच्या दारानं रेवा आली. विशीची असेल, उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू. हातात पिळलेली झबली होती. ती तिनं अंगणातल्या दोरीवर एकेक झटकून वाळत घातली, हात पुसले आणि माझ्यासमोर बसली. तिचा पासपोर्ट आणि लशीचं पुस्तक एका फडक्यात नीट बांधून ठेवलेलं होतं. पासपोर्टात मुलाचं नाव होतं. मांडीवर मूल घेतलेला फोटो होता. मुलाचं लशीचं पुस्तकही होतं, पण कोरं.

तिनं तिकिटांवर बोट ठेवलं. "काय लिखेल शे?"

मी तिला सगळं वाचून दाखवलं. हे तुझं नाव. हे वाय अक्षर, साध्या वर्गाचं. हे ओके, म्हणजे तुझी जागा पक्की. मग दुसरं तिकीट. "हे बाळाचं. याच्यापुढे आयएन लिहिलंय, म्हणजे दोन वर्षांच्या आतलं मूल. आणि इथे एनएस. म्हणजे त्याला वेगळी जागा नाही. फळ्यावर आम्ही त्याला मोजतसुद्धा नाही. तो आईच्या मांडीवर बसतो."

रेवा हसली. "बराबर शे. तो मांडीवरच ऱ्हास."

"पण लस टोचायला लागेल. दमणी उभी आहे. आत्ता नंदुरबारच्या दवाखान्यात गेलो तर आजच होईल. उठव त्याला."

ती हलली नाही. जमनाबाई दोरी ओढत राहिली. "आते नको. आते झोपेल शे," ती म्हणाली.

मला वाटलं, सुईच्या भीतीनं टाळतायत. गुरुवार माझ्या डोक्यात होता. मी उठले, "मी बघते हं," म्हणत आत गेले. झोळी जड होती, संथ हलत होती. मी कड बाजूला केली. आत गोधडीत गुंडाळलेला पाट्याचा वरवंटा होता. त्याला लहानसं टोपरं घातलेलं होतं.

झोळी माझ्या हातातून सुटली आणि पुन्हा हलायला लागली. बाहेरून कुणीतरी हलकेच ओढत होतं.

मी तशीच बाहेर ओट्यावर आले. गोविंद पाटील शेतातून आले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शाळेतलं मराठी बोलायचे ते.

"भाद्रपदात ताप आला. तिसऱ्या दिवशी गेला. तापीच्या काठाला पुरला."

"छगनरावांना?"

"नाही लिहिलं. परमुलखात एकटा आहे तो. आणि पोरगा गेला म्हटल्यावर त्यानं हिला बोलावलंच नसतं तर? पत्रात मी लिहीत गेलो, बसायला लागला, दात आला. तुमच्या ऑफिसची पत्रं आली, त्यांना काय लिहू? माझा हात उठेना. हिचं म्हणाल तर पहिल्या दिवसापासून ती कपडे धुते. आम्ही म्हटलं, धुऊ दे, मन शांत होईल. मग हिच्या सासूनं दोरी धरली. मग विहिरीवर बायका विचारायला लागल्या, पोऱ्या कसा शे. आता सगळं गाव विचारतं. थांबवायचं कुणी, बाई? मीसुद्धा संध्याकाळी आल्यावर विचारतो."

मी तिथे बसून माझ्या खात्याचा विचार करत होते, दुसरं काही सुचेना. मुलाचं तिकीट रद्द केलं की पैसे कंपालात परत जाणार. टेलेक्सवरच्या दोन ओळींतून एका बापाला मुलगा गेल्याचं कळणार. आणि रेवाचा तेवढा नंबर देऊन मुलाचा मागाहून कळवतो म्हटलं तर? मुलाला जागाच नव्हती. त्याच्या असण्या-नसण्यानं फळ्यावरची चकती बदलणार नव्हती. मुंबईला कुणी विचारलंच, तर मूल मागे ठेवलंय म्हणून रेवा एकटी बसली असती, आणि छगन पलीकडे दोघांना न्यायला उभा राहिला असता.

मी रेवाजवळ गेले. "रेवाताई, विमानाच्या शिडीवर माणसं मोजतात."

"मोजतस?"

"हो. एकेक जण. कागदावर असेल तेवढी हवीत."

ती अंगणात वाळणाऱ्या झबल्यांकडे वळली. मग म्हणाली, "कागद काढ. मी सांगस, तू लिख."

मी लिहायला बसले. छगनला नमस्कार. म्हैस व्यायली. कापूस दोन वेचण्या झाल्या. सासऱ्यांचा गुडघा दुखतो. ती भराभर सांगत होती आणि मी तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवत होते. मग ती थांबली. आतली करकर तेवढी ऐकू येत होती.

"लिख, तुन्हा पोऱ्या तुन्हाकडे येवाव नही. तो आठेच ऱ्हायना. नदीना काठे."

करकर थांबली. जमनाबाईनं दोरी सोडली होती. ती तोंडाला पदर लावून बसली, आणि पहिल्यांदाच त्या घरात मोठा आवाज झाला. रेवा रडली नाही. सासूच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"हे पत्र जायला आठ-दहा दिवस लागतील," मी सांगितलं. "तोवर ही जागा राहणार नाही. पुढे कधी मिळेल सांगता येत नाही."

"सोडी दे. तो वाची लेवो पहिले."

पत्राखाली मी आमच्या ऑफिसचा पत्ता घातला. निघताना लक्षात आलं, मी अजून कुजबुजतच बोलत होते आणि उंबरा ओलांडताना पाय न वाजवता ओलांडला होता. दमणीत बसले. गाडीवानानं बैल वळवले.

नंदुरबारहून साहेबांना तार केली: जागा सोडा. हुरडा खाल्ला असेन. चव आठवत नाही.

मुंबईत परतल्यावर रोज सकाळी मी आधी फळ्यावर कंपालाच्या ओळीकडे बघायची. लाल. पुढचा आठवडाही लाल. जागा मागण्याचा संदेश मी रोज पाठवत होते आणि रोज नकार येत होता. बरोबरीच्या मुली म्हणायच्या, तुझी कोण लागते गं ती? तिसऱ्या आठवड्यात कुणाची तरी सफर रद्द झाली, एक जागा मोकळी पडली आणि मी स्वतःच्या हातानं ओके लिहिलं.

छगनचं पत्र त्याच सुमारास आलं. आत दोन कागद. एक रेवासाठी, एक मला, तिला पाठवा म्हणून.

गोविंद पाटील रेवाला घेऊन मुंबईला आले. सांताक्रूझला विमानतळाच्या बाकावर बसून मी तिचा कागद वाचला. त्यानं लिहिलं होतं की मावसभावानं त्याला भाद्रपदातच कळवलं होतं. घरून मात्र मुलाच्या दातांची पत्रं येत राहिली. "मी एकटीचं तिकीट पाठवलं असतं तर मला ठाऊक आहे हे तुला कळलं असतं, आणि तुझ्याजवळचं तेवढंही मी काढून घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून दोघांचं काढलं. तू जसा त्याला आणशील तसा मी घेणार होतो."

गोविंद पाटील उठून खिडकीशी गेले. रेवानं कागद माझ्या हातातून घेतला. तिला वाचता येत नव्हतं, तरी ओळींवरून बोट फिरवलं.

"म्हंजे त्याले ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "तठे तो एकलाच रडना व्हई."

पुकारा झाला. ती उन्हात चालत गेली, शिडी चढली. वर उभ्या असलेल्या माणसानं कागदावर खूण केली आणि तिला आत घेतलं.

संध्याकाळी घरी आले. आईनं चहा ठेवला, विचारलं, "गेली का गं तुझी कोरीटची बाई?" मी हो म्हटलं आणि बसून राहिले. त्या प्रवासातलं आजही हेच मला सगळ्यात जास्त छळतं: मधे अख्खा समुद्र, दोन टोकांना दोन माणसं, आणि एकमेकांसाठी दोघांनी ते मूल पाच महिने जिवंत ठेवलेलं. मला वाटत होतं, मी फार मोठी, फार वाईट बातमी वाहून नेतेय. ती त्या दोघांपैकी कुणालाच नवी नव्हती.