विंगेतली खुर्ची

आमच्या मंडळीत प्रॉम्प्टिंग करणारीला सगळे आक्का म्हणत. डाव्या विंगेत लाकडी खुर्ची, मांडीवर संहिता, पण नाटक सगळं मुखोद्गत. नायक अडखळला की वाक्य त्याच्या कानात पोचलेलं असे, पहिल्या रांगेलाही पत्ता लागत नसे. नवरा गेल्यापासून ती खुर्चीच तिचा संसार होता. म्हणायची, "मला इथून उचलतील ते चौघंच!"

मी विनोदी मोलकरीण. दुसऱ्या अंकात केरसुणीशी भांडायची. नाट्यगृह हसून लोळायचं आणि आक्का मात्र ओठ मिटून, पायावर पाय आवळून दगडासारखी बसायची. मला झोंबायचं.

"आक्का, हसण्यावर कर बसलाय का गं?"

"तू तुझं काम कर, बये."

नटाचा अहंकार वाईट. एका प्रयोगाला मी केरसुणीच वाक्य विसरली असं सोंग केलं आणि आक्काच्याच कुजबुजत्या आवाजात तिला प्रॉम्प्ट केलं. आक्का फिस्सकन हसली. मग खो खो हसतच सुटली. आणि एकाएकी उठून, संहिता पोटाशी धरून निघून गेली.

पुढच्याच प्रवेशात नायक अडला. विंग रिकामी. ती शांतता मला अजून ऐकू येते. नंतर पाहिलं तर खुर्ची ओली. मला वाटलं, पाणी सांडलं. आक्का दुपारनंतर पाण्याचा थेंब घेत नसे, हे तेव्हा आठवलंच नाही. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या हाती संहिता परत आली. निरोप एवढाच: आता येणार नाही, डोळे साथ देत नाहीत.

वीस वर्षांनी खोकताना माझी साडी भिजायला लागली, तेव्हा ती खुर्ची आठवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लाजता कशाला? बाळंतपणांनी, वयाने तिथले स्नायू सैल पडतात. लघवी रोखल्यासारखं आवळायचं, दहा आकडे मोजायचे, सैल सोडायचं. असं दहादा, रोज तीन वेळा, निदान तीन महिने. पाणी तोडू नका, चहा कमी करा, ठरल्या वेळी जाऊन या. बऱ्याच जणींना फरक पडतो. नाही पडला तर पुढचे इलाज आहेत."

तशीच आक्काकडे गेले. न्हाणीघराच्या दाराशी खाट, खाटेवर मेणकापड. सगळं सांगितलं.

"दहा आकडे?"

"दहा."

"सबंध नाटक पाठ होतं मला. दहा आकडे जड होते का गं?"

"आक्का, त्या दिवशी मी मुद्दाम हसवलं तुला."

"ठाऊक आहे. इतकं छान पुन्हा कधी केलं नसशील. कर बघू."

कोपऱ्यातली केरसुणी घेतली. तिसऱ्या वाक्याला अडले. खाटेवरून वाक्य आलं, तीच कुजबुज, तोच क्षण. मी पुढे रेटलं. हशाच्या जागी पाहिलं, तर आक्काचे ओठ घट्ट मिटलेले, पायावर पाय आवळलेला.

"हस ना गं. इथे कोण आहे?"

"सवय गेली," ती म्हणाली, आणि मी भरून ठेवलेला पाण्याचा पेला तिने हळूच बाजूला सारला.