गुलमोहरावरची हरकत

ताज्या कापलेल्या लाकडाचा वास आला की हडपसरचे आमचे शेजारी, एक निवृत्त मास्तर, आठवतात. अंगणातला गुलमोहर तोडायला त्यांनी महापालिकेकडे अर्ज केला आणि खोडावर नोटीस लागली. माझ्या खोलीवरची सावली जाईल म्हणून मी हरकत नोंदवली. मास्तर फाटकाशी येऊन म्हणाले, “अहो, आतून पोकळ झालाय, एकदा येऊन बघा तरी.” मी गेलो नाही. सुनावणीपर्यंत परवानगी थांबली. त्याच आठवड्यात वाऱ्याने झाड कोसळलं. खाली त्यांच्या पत्नी कपडे वाळत घालत होत्या. त्या वाचल्या नाहीत. भेटायला गेलो तेव्हा मास्तरांनीच मला पाणी आणून दिलं. “फार वाईट झालं,” एवढंच मी बोललो. हरकतीचं नाव दोघांनीही काढलं नाही. आज मी तेव्हाच्या त्यांच्या वयाचा आहे, आणि माफी मागायला ते उरलेले नाहीत.